व्हेटो पडला, पुढे काय? नववीच्या मुलांच्या सुरक्षा परिषदेचं प्रकरण

एमयूएन, म्हणजे मॉडेल युनायटेड नेशन्स, ज्यात मुलं एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांची सभा चालवतात, आता पुण्या-मुंबईच्या इंटरनॅशनल शाळांपुरतं उरलेलं नाही. तालुक्याच्या गावातल्या सेमी-इंग्लिश शाळांचे शिक्षकही हल्ली विचारतात, आमच्याकडे जमेल का? जमतं. अडचण वेगळीच आहे. वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांची सवय आपल्याकडे इतकी पक्की, की माइक समोर आला की मुलं भाषण ठोकतात, टाळ्या घेतात आणि जागेवर जाऊन बसतात. मुत्सद्देगिरीचं खरं काम त्यानंतर, जागेवरून उठून दुसऱ्याच्या बाकापाशी गेल्यावर सुरू होतं. मुलांनी उठावं यासाठी कार्यक्रमाचे नियमच तसे असावे लागतात. नुसतं सांगून कोणी उठत नाही.

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या काही शाळांनी मिळून डिसेंबरात, गॅदरिंगच्या आधी, घेतलेल्या दोन दिवसांच्या कार्यक्रमाचं आहे. समन्वय माझ्याकडे होता. मुलं नववीची, कारण दहावीचं कुणी सोडत नाही आणि आठवीला नागरिकशास्त्र अजून पुरेसं झालेलं नसतं. सभा चालवायला पुण्यातल्या कॉलेजची दोन मुलं होती. एमयूएनच्या भाषेत त्यांना एक्झिक्युटिव्ह बोर्ड, थोडक्यात ईबी, म्हणतात.

विषय निवडताना युक्रेन, गाझा, हवामान बदल ही नेहमीची यादी समोर होती. आम्ही डिसेंबर १९७१ ची, भारत-पाकिस्तान युद्धाच्या वेळची, सुरक्षा परिषद घेतली. चालू विषयावर मुलं रात्रीच्या चर्चेतली वाक्यं फेकतात आणि ती खरी की खोटी हे मार्गदर्शक शिक्षकालाही तिथल्या तिथे सांगता येत नाही. १९७१ च्या बैठकांची इतिवृत्तं उपलब्ध आहेत, कुठल्या ठरावावर कोणी कसं मत दिलं ते नोंदलेलं आहे. शिवाय साताऱ्याकडच्या गावांत ते युद्ध अजून घरातली गोष्ट आहे. त्याचा त्रासही झाला. तो पुढे येईलच.

त्या वर्षी परिषदेत पाच कायम सदस्यांबरोबर अर्जेंटिना, बेल्जियम, बुरुंडी, इटली, जपान, निकाराग्वा, पोलंड, सिएरा लिओन, सोमालिया आणि सीरिया होते. डिसेंबरचं अध्यक्षपद सिएरा लिओनकडे होतं. चीनच्या खुर्चीवर तैवानमधल्या सरकारऐवजी बीजिंगचं सरकार येऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. भारत आणि पाकिस्तान दोघेही सदस्य नव्हते; त्यांना मताधिकाराशिवाय चर्चेला बोलावलं होतं. पंधरा अधिक दोन जागा आणि प्रत्येक जागेवर दोघं, म्हणजे चौतीस मुलं. जोडी मुद्दाम ठेवली: एकानं खुर्ची सांभाळायची, दुसऱ्यानं फिरायचं. दोघं वेगवेगळ्या शाळांतली, म्हणजे निदान जोडीदाराशी तरी नव्यानं बोलावं लागतं.

देश चिठ्ठ्या टाकून ठरवले. सगळ्यांना भारत हवा होता. भारताला मतच नाही हे कळल्यावर वर्गात जो गलका झाला, तो पुस्तकातल्या अख्ख्या धड्यापेक्षा जास्त शिकवून गेला. ‘मग आपण करायचं काय तिथे?’ एका मुलानं विचारलं. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सरदार स्वर्णसिंग न्यूयॉर्कला गेले तेव्हा त्यांच्यासमोरही हाच प्रश्न होता: मत नाही, पण ज्यांना आहे त्यांच्याशी बोलता येतं.

पाकिस्तानची चिठ्ठी एका मराठी माध्यमाच्या शाळेतल्या मुलीला आणि दुसऱ्या शाळेतल्या एका मुलाला निघाली. दोनच दिवसांत मुलाच्या वडिलांचा मुख्याध्यापकांना फोन. घरात दोन पिढ्या फौजेत, आणि पोरगं सगळ्यांसमोर उभं राहून पाकिस्तानची वकिली करणार? मुख्याध्यापकांनी तीन मार्ग सुचवले: मुलाला दुसरा देश द्या, पाकिस्तानची जागा रिकामी ठेवा, नाहीतर ती भूमिका एखाद्या शिक्षकाला द्या. तिन्ही सोपे होते. पण दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर कुणी नसेल तर भारताची जोडी भिंतीशी बोलत बसणार, आणि शिक्षक बसला तर मुलं त्याच्याशी भांडणारच नाहीत, ‘सर म्हणतात ते बरोबर’ म्हणून मोकळी होतील.

वडिलांना शाळेत बोलावून घेतलं आणि मुलाला मिळालेले कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी शांतपणे वाचले. त्यांची खरी धास्ती बोलता बोलता बाहेर आली. ती भूमिकेची नव्हतीच. ‘सर, पोराचा त्या पाटीसकट फोटो कुणी गावच्या ग्रुपवर टाकला तर? खाली कोण काय लिहील, सांगता येतं का?’ धास्ती रास्त होती. कुठल्याही छापील एमयूएन मार्गदर्शिकेत हा मुद्दा सापडत नाही, पण आपल्याकडे असा कार्यक्रम करणाऱ्यानं सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट हीच आहे. आम्ही नियम केले: सभागृहात कुणाचाही मोबाइल नाही, शिक्षकांचाही नाही. कुठल्याच देशाचा झेंडा नाही, नुसत्या नावाच्या पाट्या. एकच गटफोटो, तोही पाट्या गोळा केल्यावर. बोलताना ‘मी’ किंवा ‘आम्ही’ म्हणायचं नाही, ‘अमुक देशाच्या शिष्टमंडळाचं म्हणणं’ असंच म्हणायचं. हे लेखी स्वरूपात सगळ्या पालकांना गेलं. मुलगा पाकिस्तानच्याच जागेवर राहिला.

तयारीत एक गोष्ट बदलली. एमयूएनमध्ये प्रत्येक देशानं आधी पोझिशन पेपर, म्हणजे आपली भूमिका मांडणारा कागद, द्यायचा असतो. हल्ली तो एआयकडून येतो. वाचायला सुरुवात केली की दुसऱ्या ओळीत कळतं. त्याऐवजी हातानं लिहिलेला एक पानी कागद मागितला, चार प्रश्नांचा: आपल्याला काय हवं आहे, काय अजिबात चालणार नाही, कशावर तडजोड होईल, आणि सगळ्यात आधी कुणाला जाऊन भेटणार. चौथ्या प्रश्नाशी बहुतेक जण अडखळले. भाषण तयार होतं, भेटायचं कुणाला ते ठरलेलं नव्हतं.

पहिला दिवस नेहमीच्या एमयूएन पद्धतीनं चालवायचा असं शाळांशी ठरलं होतं. जनरल स्पीकर्स लिस्ट, म्हणजे क्रमानं भाषणं, मॉडरेटेड कॉकस, म्हणजे अध्यक्षांच्या परवानगीनं एकेका मुद्द्यावर चर्चा, मग अनमॉडरेटेड कॉकस, म्हणजे मोकळा वेळ, ज्यात मुलांनी उठून आपसांत बोलायचं. ‘बेस्ट डेलिगेट’ची ट्रॉफीही होती, दोन शाळांची ती अटच होती. पहिला अर्धा तास कार्यपद्धतीच्या कौतुकात गेला. पॉइंट ऑफ पर्सनल प्रिव्हिलेज, म्हणजे स्वतःची गैरसोय सांगायचा हक्क, घेऊन एकानं फॅन बंद करायला लावला, दुसऱ्यानं तोच मुद्दा घेऊन चालू करायला लावला. ईबी खूश होती.

मग मतदान. ४ डिसेंबरला अमेरिकेनं युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा मसुदा आणला होता. बाजूनं ११, विरोधात सोव्हिएत युनियन आणि पोलंड, तटस्थ ब्रिटन आणि फ्रान्स. मंजुरीला नऊ मतं पुरतात, पण पाच कायम सदस्यांपैकी एकाचा विरोधही मसुदा पाडतो; सोव्हिएत नकाराधिकारानं, म्हणजे व्हेटोनं, तो पडला. सोव्हिएत युनियननं आपला मसुदा आणला तर त्याच्या बाजूनं दोनच मतं, चीनचा विरोध, बाकी बारा तटस्थ. दुसऱ्या दिवशी अर्जेंटिना, बेल्जियम, बुरुंडी, इटली, जपान, निकाराग्वा, सिएरा लिओन आणि सोमालिया या आठ देशांचा मसुदा आला. पुन्हा ११-२-२, पुन्हा व्हेटो. १३ तारखेला तिसरा. आमच्या सभागृहात जेवणाच्या सुट्टीपर्यंत हे सगळं अगदी तंतोतंत पार पडलं, कारण मुलांनी निकाल पाठ केला होता. सोव्हिएतच्या जोडीनं हात वर केला की टाळ्या. भारताची जोडी उत्तम बोलली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या एक कोटी निर्वासितांचा आकडा तिनं प्रत्येक भाषणात घेतला. मोकळा वेळ जाहीर झाला तेव्हा मुलांनी डबे उघडले.

याला काही जण ‘मुलं अजून लहान आहेत’ असं म्हणतील. मला ते पटत नाही. मुलं त्यांना दिलेल्या नियमांनुसार अगदी हुशारीनं वागत होती. गुणपत्रिकेत भाषणाला गुण होते, उठून जाण्याला नव्हते. व्हेटो म्हणजे जिंकणं असं वाटत होतं, कारण व्हेटो वापरल्यावर सोव्हिएतचं काहीच जात नव्हतं.

प्रत्यक्षात जात होतं. दोन व्हेटोंनंतर प्रश्न सगळ्या सदस्य देशांच्या महासभेकडे गेला आणि ७ डिसेंबरला तिथे युद्धबंदीच्या ठरावाच्या बाजूनं १०४, विरोधात ११ मतं पडली. अकरांत भारत, भूतान, सोव्हिएत गोटातले देश, मंगोलिया आणि क्यूबा. अलिप्ततावादातले जुने सोबती युगोस्लाव्हिया आणि इजिप्त समोरच्या बाजूला, नेपाळ तटस्थ. महासभेचा ठराव बंधनकारक नव्हता, पण एकटेपणा उघड झाला होता. प्रत्येक व्हेटोनं भारतीय सैन्याला ढाक्याच्या दिशेनं आणखी काही दिवस मिळत होते, आणि त्या दिवसांची किंमत मॉस्को मोजत होता. व्हेटोनं विकत घेतला तो वेळ. आमच्या सभागृहातून नेमका तोच गायब होता. तिथे युद्ध थांबलेलं होतं आणि फक्त भाषणं चालू होती.

त्या संध्याकाळी ईबीबरोबर बसून दुसऱ्या दिवसाची रचना पार बदलली. त्यांची पहिली हरकत: ‘सर, हे रूल्स ऑफ प्रोसीजरमध्ये बसत नाही.’ नव्हतंच बसत.

फळ्यावर तारीख आली. घड्याळातल्या ठरावीक मिनिटांना युद्धाचा एक दिवस, आणि तारीख कुणासाठी थांबणार नाही. प्रत्येक तारखेला आघाडीवरची एक चिठ्ठी वाचली जाणार: मेघना नदी हेलिकॉप्टरमधून ओलांडली, अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं, टांगाईलला छत्रीधारी सैनिक उतरले. मंचावरून बोलायचा वेळ निम्मा केला आणि मोकळा वेळ दुप्पट. प्रत्येक जोडीला आपल्या राजधानीकडून एक बंद पाकीट. ते दुसऱ्याला दाखवायचं नाही, तोंडी काय सांगायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पाकिटातल्या सूचना आम्ही रचलेल्या होत्या आणि हे मुलांना आधीच सांगितलं. सोव्हिएतच्या पाकिटात होतं: ‘आणखी एक व्हेटो वापरता येईल, पण त्याआधी तुमच्या बाजूनं निदान चार तटस्थ मतं आणून दाखवा.’ इतिहासात अशी अट कुणी घातली नव्हती, पण मॉस्कोची अस्वस्थता खरी होती. डिसेंबरच्या मध्यावर उपपरराष्ट्रमंत्री कुझनेत्सोव्ह दिल्लीत येऊन बसले होते.

शेवटचा बदल बक्षिसाचा. ट्रॉफी रद्द. हेगमध्ये १९६८ पासून शाळांसाठी भरणाऱ्या एमयूएनमध्ये वैयक्तिक बक्षिसं देतच नाहीत, हा दाखला शाळांपुढे ठेवला. दोन मुख्याध्यापक नाराज झाले. ते साहजिक होतं. संस्थेच्या वार्षिक अहवालात ‘सहभाग घेतला’ ही ओळ दिसत नाही, ‘प्रथम क्रमांक’ दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईबीनं महासभेचं मतदान वाचून दाखवलं. भारताची जोडी गप्प झाली. मग त्यातली मुलगी उठून थेट पोलंडच्या बाकापाशी गेली. कार्यक्रमातली ती पहिली खरी हालचाल.

दुपारनंतरचा सगळा जीव एका कलमात होता. पोलंडनं १९७१ मध्ये मांडलेल्या मसुद्याचा गाभा मुलांना दिला होता: पूर्व पाकिस्तानात निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे शांततेनं सत्ता सोपवायची, ती प्रक्रिया सुरू झाल्याबरोबर लढाई थांबवायची, आधी ७२ तासांसाठी. १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगला स्पष्ट बहुमत मिळालं होतं आणि शेख मुजीबुर रहमान पश्चिम पाकिस्तानात कैदेत होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भांडण क्रमाचं होतं. आधी सत्तांतर की आधी युद्धबंदी? अमेरिकेच्या आणि सोव्हिएतच्या मसुद्यांतला फरकही नेमका हाच होता, पण आदल्या दिवशी तो कुणाला दिसला नव्हता, कारण कुणी मसुदा वाचला नव्हता. मत कुठे द्यायचं तेवढं पाहिलं होतं.

पाकिस्तानच्या बाकावरची मुलगी पेन्सिलीनं एका ओळीखाली रेघ मारून म्हणाली, ‘प्रक्रिया सुरू झाली, हे ठरवणार कोण? भारत म्हणेल नाही झाली, आणि लढत राहील.’ फ्रान्सच्या मुलानं सुचवलं, संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक पाठवू. भारताच्या जोडीला ते नको होतं. निरीक्षक पोचेपर्यंत किती तारखा जातील? पाकिस्तानला तर नेमक्या तारखाच वाचवायच्या होत्या. दहा-बारा मुलं एका बाकाभोवती, कागद एकच, त्यावर तीन हस्ताक्षरं. आणि तेव्हा सोमालियाचा मुलगा बोलला, जो आदल्या दिवशी एकदाही बोलला नव्हता. ‘अध्यक्ष जाहीर करतील असं लिहा ना. सिएरा लिओन कुणाच्याच बाजूचा नाही.’ सिएरा लिओनची जोडी अचानक महत्त्वाची झाली. दोन्ही बाजू त्यांच्याकडे धावल्या. आठ देशांच्या मसुद्यावर सोमालिया, बुरुंडी, सिएरा लिओन यांची नावं का होती, हे मला वर्गात समजावून सांगता आलं नसतं.

मधेच १५ डिसेंबर आला. त्या दिवशी पाकिस्तानची बाजू मांडणारे भुट्टो हातातले कागद फाडून परिषदेतून निघून गेले होते. मुलांना प्रसंग माहीत होता आणि पाकिस्तानच्या मुलाला तो करून दाखवायचाच होता. आदल्या रात्रीपासून तयारी होती त्याची. जोडीदारणीनं मसुदा स्वतःच्या वहीखाली सरकवला. ‘फाडलास तर परत लिहिणार कोण? तू?’ कागद बचावला.

टांगाईलची चिठ्ठी वाचली गेली तेव्हा मागच्या बाकावर बसलेल्या शिक्षकांत कुजबुज झाली. तिथे उतरलेली २ पॅरा ही मूळची मराठा पलटण, आणि जमिनीवरून तिला येऊन मिळाली ती १ मराठा लाइट इन्फंट्री. मुलांनी मान वर करून पाहिलंही नाही. कलमाचा दुसरा भाग अजून सुटायचा होता.

मसुद्याला नऊ मतांचं आश्वासन मिळालं. सोव्हिएत विरोध करणार नव्हता. अमेरिका कुरकुर करत तयार होत होती. चीनची जोडी अडून बसली होती. त्यांच्या पाकिटात पाकिस्तानला एकटं पाडू नका असं होतं, आणि पाकिस्तान स्वतः होकार देतो आहे तर आपण कशाला अडायचं हे त्यांच्यात आपसांतच ठरत नव्हतं. पाकिस्तानची मुलगी त्यांना समजावत असतानाच फळ्यावर १६ डिसेंबर लागला. चिठ्ठी वाचली गेली: ढाक्यात शरणागती.

आरडाओरडा झाला. पाच मिनिटं द्या, दोनच द्या. ईबीमधल्या मुलालाही वाटत होतं की द्यावीत. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणालो, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. सुरक्षा परिषदेनं या युद्धावर युद्धबंदीचा ठराव खरोखरच मंजूर केला तो २१ डिसेंबरला, ठराव क्रमांक ३०७, बाजूनं १३, विरोधात कुणी नाही, सोव्हिएत युनियन आणि पोलंड तटस्थ. तोवर लढाई संपून गेली होती. आमच्या मुलांना सोयीस्कर पाच मिनिटं दिली असती तर ठराव मंजूर झाला असता, टाळ्या पडल्या असत्या, आणि उशीर झाला की चांगला मसुदाही कागदच राहतो हे त्यांच्यापर्यंत पोचलं नसतं.

त्यानंतरची चर्चा मतदानापेक्षा लांबली. तिला वेळ राखून ठेवावाच. बहुतेक कार्यक्रमांत तो वेळ बक्षीस समारंभ खातो. प्रत्येक जोडीला विचारलं: किती जणांशी बोललात, आणि कुणाशी बोलायचं राहून गेलं? भारताची जोडी, सगळ्यात चांगली वक्ते, चीनकडे एकदाही गेली नव्हती. ‘ते आपल्या विरोधातच असणार ना,’ मुलगा म्हणाला. अर्जेंटिनाची मुलगी लगेच म्हणाली, ‘ते पाकिस्तानचं ऐकत होते आणि पाकिस्तान तुमच्याशी बोलत होतं.’ मग तो गप्प बसून वहीत काहीतरी लिहीत राहिला. सोव्हिएतच्या जोडीची तक्रार होती की पाकिटामुळे त्यांचा व्हेटो ‘कमी केला’. तसा तो केलाच होता, आणि संयुक्त राष्ट्रांच्या चार्टरमध्ये तशी कुठलीही अट नाही हेही त्यांना स्पष्ट सांगितलं. खेळात असे बदल करताना कुठे इतिहास आहे आणि कुठे आपली रचना, ते त्याच दिवशी सांगून टाकावं. नाहीतर मुलं आमचं पाकीटच इतिहास म्हणून परीक्षेत लिहितील.

ट्रॉफीवरून नाराज झालेल्या शाळांपैकी एक पुढच्या वर्षी येणार नाही, असं कळवलं आहे. दुसरीशी बोलणी चालू आहेत. सगळ्या मुलांना एकसारखं प्रमाणपत्र, त्यावर देशाचं नाव न छापता, एवढ्यावर बहुधा भागेल.

पुढच्या वेळी विषय जवळचा घ्यायचा विचार आहे: कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या आलमट्टी धरणाची पाणीपातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा वाद. कृष्णेच्या काठावरच्या, २०१९ चा पूर पाहिलेल्या मुलांपैकी चौघांना कर्नाटक व्हावं लागेल, दोघांना तेलंगणा, दोघांना आंध्र. मोबाइलबंदीचं आणि फोटोच्या नियमाचं पत्र या वेळी चिठ्ठ्या टाकायच्या आधी जाईल. दोन शाळांनी होकार दिला आहे. सांगलीकडच्या एका शाळेनं विचारलं आहे की कर्नाटकची भूमिका शिक्षकांनी केली तर चालेल का.